चार पट्ट्या, दोन पत्ते

पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. समोर पेटी असो, कीबोर्ड असो की पियानो, या चार पट्ट्या डावीकडून उजवीकडे याच क्रमानं घ्यायच्या आणि एकदम दाबायच्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. जो आवाज उठतो तो रडका नाही आणि हसराही नाही. मायनर म्हणजे उदास आणि मेजर म्हणजे आनंदी, असं शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात. हा आवाज त्या दोन्ही खणांत बसायला तयार नसतो. पाश्चात्त्य संगीतात असे एकदम वाजणारे स्वर म्हणजे कॉर्ड, आणि याचं नाव ए मायनर सेव्हन्थ.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या पंचक्रोशीतून पियानोच्या कॉर्डविषयी लिहावं, हे कुणाला विचित्र वाटेल. वाटू नये. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. धरणाचं पाणी ज्या धानाला जातं तो धान कापून झाला, दिवाळी सरली, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. शेजारच्या वडशात नाटक मंडळांची कार्यालयं आहेत; गावंच्या गावं तिथे जाऊन तारीख ठरवून येतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी इथली जुनी जोडी. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत रंगतं, आणि गाण्याशिवाय ते रंगत नाही. गाणं म्हटलं की ऑर्गन आणि तबला आलाच. बालगंधर्वांच्या काळात जो ऑर्गन मराठी रंगमंचाची शान होता, त्याची साथसंगत पुण्यामुंबईत आठवणींच्या लेखांपुरती उरत गेली. झाडीपट्टीत मात्र तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ती चालू राहिली. इथले नाट्यकलावंत, गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव उरलेल्या महाराष्ट्रानं जरा उशिरानं ऐकलं, एवढंच.

तेव्हा पियानो शोधत हिंडण्याचं कारण नाही. पेटी, पायपेटी, ऑर्गन, कीबोर्ड, पियानो: आवाज निघतो कसा ते निराळं, पण पट्ट्यांचं गणित एकच. सात पांढऱ्या, पाच काळ्या, पुन्हा तेच.

आता खरी गंमत. उजवा हात त्या चार पट्ट्यांवर तसाच ठेवा. डाव्या हातानं खालच्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. आवाज गंभीर होतो, किंचित सावळा. उजवा हात न हलवता डावं बोट पांढरी सहावरून उचलून पांढरी एकवर ठेवा. तोच उजवा हात, त्याच चार पट्ट्या, आणि अचानक उजेड पडतो. वर काहीही बदललेलं नाही. एकाच घराला दोन रस्त्यांवर दोन दारं असावीत आणि टपालावर दोन वेगळे पत्ते यावेत, तसा प्रकार आहे. पाश्चात्त्य वादक पहिल्याला ए मायनर सेव्हन्थ म्हणतात, दुसऱ्याला सी सिक्स्थ. स्वर दोन्हींत तेच चार.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. चार पट्ट्यांपैकी खालच्या तीन घेतल्या (सहा, एक, तीन) तर तो ए मायनर. वरच्या तीन घेतल्या (एक, तीन, पाच) तर तो सी मेजर. मधल्या दोन पट्ट्या दोघांच्याही मालकीच्या. म्हणजे मायनर सेव्हन्थ हा मायनरला जोडलेला एक जादा स्वर नव्हे, जसं पुस्तकं सांगतात. एक मायनर आणि एक मेजर एकमेकांत अर्धे शिरून उभे आहेत, असं म्हणणं कानाला जास्त पटतं. खालचा आधार ज्याला मिळतो त्याचं राज्य.

आता पांढरी एकला सा धरा. आपल्या चार पट्ट्या काय झाल्या? मंद्र ध, सा, ग, प. यात एक रे घातला की भूप पूर्ण. शाळेच्या पेटीवर ज्यानं पहिल्यांदा भूपाचा आरोह काढला, त्याची बोटं या चारही पट्ट्यांवरून शेकडो वेळा फिरलेली असतात. त्याला मायनर सेव्हन्थ येत होता. फक्त तो एकापाठोपाठ एक येत होता, एकदम नाही. आपल्याकडे स्वर रांगेनं येतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकत्र होतात. तिकडे ते एकत्रच येतात. फरक मोठा आहे, पण जिन्नस तेच.

आणि इथे भूपाचा जुळा भाऊ आठवल्याशिवाय राहत नाही. देसकार. सा रे ग प ध, तेच पाच स्वर, सगळे शुद्ध. भूपात गांधाराचा मान, तो संध्याकाळ उलटल्यावर गायचा. देसकारात धैवताचा मान, तो सकाळचा. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) या मुंबईत जन्मलेल्या आणि वकिलीही केलेल्या मराठी माणसानं उत्तर हिंदुस्तानी रागांची दहा थाटांत मांडणी केली, तेव्हा हे दोन राग त्यांनी एका थाटात घातले नाहीत. भूप गेला कल्याण थाटात, देसकार बिलावल थाटात. ज्याला राग म्हणजे स्वरांची यादी वाटते त्याच्या दृष्टीनं हा घोळ आहे. भातखंड्यांना तो घोळ वाटला नाही, कारण राग कुठे टेकतो आणि कुठून चालतो हे त्यांनी ऐकलं होतं.

याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी पॅरिसमध्ये एक संगीतकार नेमका असल्याच पेचात सापडला होता. झाँ-फिलिप रामो. १७२२ साली त्यानं हार्मनीवर जो ग्रंथ छापला, त्यात एक ठाम सिद्धान्त होता: प्रत्येक कॉर्डचा एक मूळ स्वर असतो, आणि बाकीचे स्वर वर-खाली कसेही मांडले तरी ते मूळ बदलत नाही. सिद्धान्त सुंदर, पण चार स्वरांचा एक संच हाती लागल्यावर तो अडखळतो. पांढरी चार, सहा, एक, दोन. याचं मूळ चार म्हणावं, तर तो मेजर आणि त्यावर एक जादा स्वर; दोन म्हणावं, तर तो डी मायनर सेव्हन्थ. रामोनं पुढे काय केलं? दोन्ही मान्य केलं. एकाच कॉर्डला दोन मुळं असू शकतात, आणि खरं कोणतं ते पुढची चाल कुठे जाते त्यावरून ठरेल, असं त्यानं सांगितलं. स्वतःचाच नियम त्यानं वाकवला, पण कानाला खोटं पाडलं नाही. रामोला रागाचा गंध नव्हता, आणि भातखंड्यांना सेव्हन्थशी काही देणंघेणं नव्हतं. दोघांनीही एकाच सामग्रीला दोन पत्ते दिले.

साम्य मात्र इथवरच ताणावं. देसकारात धैवत कितीही मिरवला तरी सा आपल्या जागेवर असतो, तानपुरा त्याला हलू देत नाही. कॉर्ड वाजवणारा खालचा स्वर बदलतो तेव्हा सा चं आसनच सरकतं. म्हणूनच कुणी भूपातलं पद गात असताना कीबोर्डवाल्यानं उत्साहानं खर्जात धैवत धरून ठेवला, की गाणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. स्वर चुकलेला नसतो, तरी गाणारा वळून बघतो.

आता जरा मोजमाप. पांढरी सहापासून पांढरी एकपर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून तीन पायऱ्या. एकपासून तीनपर्यंत चार. तीनपासून पाचपर्यंत पुन्हा तीन. तीन, चार, तीन. डावीकडून मोजा किंवा उजवीकडून, आकडा तोच. डॉमिनंट सेव्हन्थ नावाचा जो दुसरा प्रसिद्ध प्रकार आहे तो चार, तीन, तीन असा एका बाजूला कललेला असतो, आणि त्याला पुढे कुठेतरी पडायची घाई असते. मायनर सेव्हन्थला तसली घाई नाही. तो उभा राहू शकतो.

हा समतोल कागदावरचा नाही, पट्ट्यांवर तो डोळ्यांनी दिसतो. पांढरी दोनच्या मधोमध एक आरसा उभा धरला आहे असं समजा. डावीकडच्या काळ्या-पांढऱ्यांची रचना उजवीकडे हुबेहूब उमटते, कारण संपूर्ण पट्टीफलकच पांढरी दोनभोवती सममित आहे. आणि आपल्या चार पट्ट्या? एक आणि तीन या आरशापासून दोन-दोन पायऱ्यांवर, सहा आणि पाच या पाच-पाच पायऱ्यांवर. आरसा जिथे उभा आहे ती पांढरी दोन म्हणजे कोण? भूपातला तो रिषभ, जो आपण कॉर्डमधून वगळला होता. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसताच पट्ट्यांकडे पाहत बसलो.

फलकावर अशी आणखी एक जागा आहे: काळी चार. तिच्याभोवतीही सगळं सममित. तिच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या घ्या: दोन, तीन, पाच आणि वरची एक. डी शार्प मायनर सेव्हन्थ तयार. केवळ काळ्या पट्ट्यांवर वाजणारा हा एकुलता एक मायनर सेव्हन्थ. पाचही काळ्या मिळून भूप होतो हे पेटी शिकणाऱ्या पोरासोरांना ठाऊक असतं, कारण काळ्यांवर काहीही बडवलं तरी ते बरं लागतं. त्यातली चौथी सोडली की हा कॉर्ड उरतो.

कंपनसंख्येत शिरलो तर आश्चर्य आणखी वाढतं. पांढरी सहा सेकंदाला २२० कंपनांची धरू. तिच्याशी शुद्ध नातं जुळवून उरलेले तीन स्वर लावले तर ते येतात २६४, ३३० आणि ३९६ वर. सगळे २२ च्या पाढ्यातले: दहा, बारा, पंधरा, अठरा. बावीस हा आकडा पाहून कुणी बावीस श्रुतींशी सोयरीक जुळवायला धावेल. तो निव्वळ योगायोग आहे, आपण २२० पासून मोजायला लागलो म्हणून. खरं महत्त्व १०:१२:१५:१८ या गुणोत्तराचं. शेवटचे तीन पाहा, बारा, पंधरा, अठरा: म्हणजेच ४:५:६, मेजर कॉर्डची साधीसोपी ओळख. दोन पत्त्यांची ती गोष्ट आकड्यांतही लिहिलेली आहे.

पण पियानोवर आणि बाजारातल्या पेटीवर हे आकडे मिळत नाहीत. तिथे सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे स्वर येतात २६१.६, ३२९.६ आणि ३९२.० वर. पांढरी तीनचं फारसं बिघडलेलं नाही, पण पांढरी एक चांगलीच उतरलेली आहे. परिणाम ऐकू येतो. सहा आणि तीन एकत्र धरल्या तर त्यांच्या उपस्वरांच्या घर्षणातून सेकंदाला एखादंही आंदोलन येत नाही. सहा आणि एक धरल्या तर सेकंदाला सुमारे बारा. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि आवाज लगेच विरायला लागतो, म्हणून ती थरथर खपून जाते. ऑर्गनवर भाता चालू असेतो स्वर तसाच उभा राहतो आणि थरथरही. त्यामुळे पायपेटीवर मायनर सेव्हन्थ वाजवताना चारही स्वर सारख्या जोरानं कोंबू नयेत, असं माझं मत आहे. वरचे दोन धरावेत, खालचे दोन स्पर्शून सोडावेत. कान बाकीचं भरून घेतो.

या समान वाटणीवरून आपल्याकडे भांडणं कमी झालेली नाहीत. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमला दारच बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच घडवून दाखवली. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे पेटीवरचे आक्षेप खरेच आहेत. पण बारा समान पायऱ्यांचा एक फायदा नाकारता येत नाही: तीन-चार-तीन हा आकार कुठूनही सुरू करा, तो तसाच वाजतो. श्रुतींच्या पेटीवर तो प्रत्येक पट्टीत निराळा लागेल.

महाराष्ट्राच्या कानाला कॉर्डची सवय लावली ती बव्हंशी गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली मुलं मुंबईत आली, आधी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि मग सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सेबॅस्टियन डिसोझा, ज्यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांना वाद्यवृंदाचा साज चढवला. संगीतकार चाल द्यायचा, ती रागाच्या वळणाची. तिच्याखाली कोणते स्वर उभे करायचे ते ही मंडळी कागदावर उतरवायची. पडद्यावर नाव बहुतेक वेळा यायचं नाही. इटियाडोहजवळच्या एखाद्या गावात आज नाटकातल्या गाण्यामागे कीबोर्डवर जे कॉर्ड ऐकू येतात, त्यांचा उगम शोधत गेलात तर वाट सिनेमावरून मडगावकडे वळते.

शिकायचं कसं? बारा मायनर सेव्हन्थची यादी भिंतीला चिकटवून पाठ करू नये, कंटाळा येतो. आधी केवळ पांढऱ्यांवरचे तीन घ्यावेत: दोनपासून, तीनपासून आणि सहापासून सुरू होणारे. एकाआड एक पांढरी दाबायची, बस. पंजा तोच, बोटांतली अंतरं तीच. गंमत अशी की हाच पंजा एकवर, चारवर, पाचवर किंवा सातवर ठेवला तर मायनर सेव्हन्थ येत नाही, दुसरंच काही येतं. कारण तीन-चार आणि सात-एक या जोड्यांमध्ये काळी पट्टी नाही. हाताला सारखं वाटतं, कानाला वेगळं. मग तो काळ्यांवरचा एकटा घ्यावा. उरलेल्या आठांत काळ्या-पांढऱ्यांची सरमिसळ आहे, ते तीन-चार-तीन मोजत एकेक करून बसवावेत.

नंतर चाल. पांढरी दोनवरचा घ्या: रे, म, ध, वरचा सा. रे आणि म जागच्या जागी धरून ठेवा. ध ला प वर उतरवा, वरच्या सा ला नी वर. चारातली दोन बोटं हलली, एकेक पांढरी पट्टी डावीकडे, आणि तुम्ही पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत वापरल्या गेलेल्या वळणावर आलात. इथून सा-ग-प वर उतरलं की घर. जाझमधल्या असंख्य गाण्यांचा सांगाडा एवढाच आहे. रामोनं म्हटलं होतं तेच इथे घडतं: या चार स्वरांचं मूळ रे हे पुढच्या पावलानं ठरवलं.

आणि एक शेवटची, मला अजून पुरती न पचलेली गोष्ट. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसच्या चमूनं ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात बास एक वाक्य म्हणतो आणि पियानोवरून बिल इव्हान्स दोन आघातांत उत्तर देतो. पहिल्या आघाताच्या पट्ट्या खालून वर अशा: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात. मायनर सेव्हन्थचे चार स्वर आणि त्यात मध्यमाची भर. तीनला सा धरून वाचा: सा, मध्यम, कोमल निषाद, कोमल गांधार, पंचम. राग धानीचे पाचच्या पाच स्वर, एका क्षणात. गिटारच्या जाड तारेपासून बारीक तारेकडे पहिल्या पाच मोकळ्या तारा छेडल्या तरी हेच पाच स्वर येतात. दुसऱ्या आघातासाठी इव्हान्स काय करतो, तर प्रत्येक बोट फक्त एक पांढरी पट्टी डावीकडे सरकवतो. पुन्हा धानीच, आता सा पांढरी दोनचा. एका हाताचा पंजा एवढा पसरत नाही, म्हणून डाव्यानं खालच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, उजव्यानं वरच्या तीन. पहिला आघात जरा लांब ठेवावा, दुसरा आखूड.